यरबूचा पाण्याचा हिशेब

'मुनाफिक' हा शब्द आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. वरून एक आणि आतून दुसराच, असा माणूस म्हणजे मुनाफिक. पण अरबी कोशकारांनी या शब्दाचे नाते एका उंदराच्या बिळाशी जोडले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. अरबस्तानच्या वाळवंटात 'यरबू' नावाचा छोटासा उंदीर राहतो. मागचे पाय लांब, पुढचे आखूड, शेपटीला केसांचा झुपका आणि चाल उड्या मारत. त्याच्या बिळाला एक उघडे दार असते, त्याला अरब 'कासिआ' म्हणत. दुसरे दार छुपे असते, ते 'नाफिका'. यरबू आतून माती पोखरत अगदी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत आणतो आणि वर मातीचा पातळ पापुद्रा तसाच ठेवतो. शत्रू पुढच्या दाराने आत आला की हा डोक्याने तो पापुद्रा फोडून पसार होतो. वरून पाहावे तर सपाट जमीन, आत पाहावे तर भुयार. 'नाफिका'वरून 'मुनाफिक' आला, असे हे कोशकार सांगतात.

अरबांना हा प्राणी चांगलाच परिचयाचा होता. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिज यांनी प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात मिसरच्या अद-दमीरी यांनी प्राण्यांचा कोशच तयार केला आणि त्यात यरबूलाही जागा दिली. इहरामच्या अवस्थेत कोणी यरबू मारला तर त्याचा बदला म्हणून चार महिन्यांचे करडू द्यावे, असा हजरत उमर (रजि.) यांचा निर्णय 'मुवत्ता'मध्ये नोंदलेला आहे. म्हणजे हजच्या वाटेवर हा प्राणी नेहमी दिसत असे.

यरबू राहतो तिथे महिनोन्महिने पाऊस पडत नाही. आसपास तळे नाही, ओढा नाही. तरीही हा प्राणी पाणी प्यायला कुठे जात नाही. मग तो जगतो कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांनी जे पाहिले ते आपल्या घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. कारण त्यातून आपल्या स्वतःच्या शरीराविषयीही काही महत्त्वाचे कळते.

दोन शास्त्रज्ञ आणि एक उंदीर

या विषयाचा सर्वांत सखोल अभ्यास झाला तो यरबूच्या अमेरिकेतील एका सोबत्यावर. त्याचे नाव कांगारू उंदीर. कांगारूशी त्याचे नाते काहीच नाही, फक्त उड्या सारख्या. यरबूशीही त्याचे जवळचे नाते नाही. अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटांत राहणाऱ्या या उंदराच्या एका जातीचे वजन जेमतेम ४० ग्रॅम भरते. कोरडे बी खाऊन तो आयुष्य काढतो.

१९४०च्या दशकाच्या शेवटी क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन हे पती-पत्नी ॲरिझोनाच्या वाळवंटात गेले. क्नूट मूळचे नॉर्वेचे. बोडिल डेन्मार्कच्या. १९२० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ऑगस्ट क्रोग हे त्यांचे वडील. त्यांनी स्वतः शिक्षण घेतले होते दातांच्या डॉक्टरचे, पण नाव कमावले मूत्रपिंडाच्या अभ्यासात. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आपल्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगावी.

या दोघांनी कांगारू उंदरांना पिंजऱ्यात ठेवून फक्त कोरडे जव खायला दिले. पाण्याचा थेंबही दिला नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले. उंदीर ठणठणीत राहिले आणि त्यांच्या शरीरातील पाण्याचे प्रमाणही कमी झाले नाही. याचा अर्थ हे उंदीर तहान सोसत नव्हते. त्यांचा जमाखर्च बरोबर जुळत होता. म्हणून या जोडप्याने त्या पाण्याचा हिशेबच मांडला.

जमेची बाजू : अन्नातून तयार होणारे पाणी

सकाळी थंडीत गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडताना आपण पाहतो. पेट्रोलमध्ये तर पाणी नसते. मग हे आले कुठून? पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो. तो जळताना हवेतील ऑक्सिजनशी मिळतो आणि पाणी तयार होते. आपल्या शरीरातही अन्नाचे असेच मंद ज्वलन होत असते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे अर्धा ग्रॅमहून थोडे जास्त पाणी तयार होते. एक ग्रॅम चरबीपासून तर एक ग्रॅमहून किंचित अधिक. एक ग्रॅम प्रथिनापासून मात्र साधारण ०.४ ग्रॅमच.

हे ऐकून कोणाला वाटेल की मग चरबीच खावी. पण तसे नाही. जास्त चरबी जाळायची तर जास्त ऑक्सिजन हवा, म्हणजे जास्त श्वास, आणि प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर जाते. उंटाच्या मदारीत पाणी साठवलेले असते, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. मदारीत असते ती चरबी. पुढे क्नूट यांनी सहारात जाऊन उंटांचाही अभ्यास केला. मदार ही पाण्याची टाकी नसून अन्नाची शिदोरी आहे, हे आज सर्वमान्य आहे.

कांगारू उंदराचा हिशेब असा. तो साधारण महिन्याभरात १०० ग्रॅम जव खातो. त्यापासून शरीरात ५४ ग्रॅम पाणी तयार होते. जवाच्या दाण्यात आधीच असलेला ओलावा सुमारे ६ ग्रॅम. एकूण जमा ६० ग्रॅम. महिन्याची सारी मिळकत अर्धा कपभरसुद्धा नाही. आता एवढ्यात त्याला सर्व काही भागवायचे आहे.

खर्चाची बाजू : तीन दरवाजे

शरीरातून पाणी मुख्यतः तीन वाटांनी बाहेर जाते. श्वास आणि त्वचा, लघवी आणि शौच. कांगारू उंदराच्या ६० ग्रॅमपैकी जवळजवळ ४४ ग्रॅम पाणी वाफ होऊन जाते, १३.५ ग्रॅम लघवीतून आणि अवघे २.६ ग्रॅम लेंड्यांतून. खर्चही बरोबर ६० ग्रॅम. एका थेंबाचीही उधळपट्टी नाही.

हे आकडे २५ अंश तापमान आणि बऱ्यापैकी कोरडी हवा यांचे आहेत. हवा अगदीच शुष्क झाली तर हा हिशेबही तुटतो. म्हणून हा प्राणी फक्त शरीराच्या बळावर जगत नाही. सवयीचीही जोड लागते. ती पुढे पाहू.

नाक : भांड्यावरचे झाकण

भात शिजताना भांड्यावर झाकण ठेवले की वाफ त्याला आदळते, थंड होते आणि थेंब होऊन परत भांड्यात पडते. कांगारू उंदराचे नाक हेच काम करते. त्याच्या नाकातील मार्ग फार अरुंद आणि वळणावळणाचे असतात. कोरडी हवा आत जाताना त्या ओल्या भिंतींवरचे पाणी उडते आणि भिंती गार होतात. माठातले पाणी गार होते तशाच. मग फुप्फुसातील उबदार, दमट हवा बाहेर येताना याच गार भिंतींवरून जाते. तिच्यातील वाफेचे पाणी होते आणि ते नाकातच राहते. बाहेर पडणाऱ्या श्वासाचे तापमान शरीरापेक्षा कितीतरी कमी असते, कधी कधी तर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी.

आपले नाकही थोडेफार हे करते, पण आपले मार्ग रुंद आहेत. त्यामुळे आपला श्वास उबदारच बाहेर पडतो. थंडीत आरशावर फुंकर मारली की जो धुरकटपणा येतो, तो आपण गमावलेल्या पाण्याचाच. शिवाय आपल्याला घाम येतो. अंग गार ठेवण्यासाठी कांगारू उंदीर घामावर पाणी खर्च करत नाही. ऊन असताना तो बाहेरच पडत नाही.

मूत्रपिंड : लांब वळशाची करामत

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात त्या जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व पाणी परत रक्तात घेतले जाते आणि लिटर-दीड लिटर लघवी बनते. पाणी परत खेचण्याचे कसब एका नळीच्या वळशात आहे. केसात लावायच्या आकड्यासारखी ही नळी खाली जाते आणि वळून वर येते. तिला हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. या वळशामुळे मूत्रपिंडाच्या आतल्या भागात क्षार दाटून राहतात आणि ते पाणी ओढून घेतात. वळसा जितका लांब, तितके पाणी जास्त वाचते.

कांगारू उंदराच्या मूत्रपिंडात हे वळसे शरीराच्या मानाने फार लांब असतात. माणसाची लघवी जास्तीत जास्त रक्ताच्या चारपट घट्ट होऊ शकते. कांगारू उंदराची चौदापटीहून अधिक. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील उड्या मारणाऱ्या एका छोट्या उंदराची तर सुमारे २५ पट घट्ट आढळली आहे.

याचा अर्थ काय, हे श्मिट-नील्सन दांपत्याच्या एका प्रयोगातून कळते. त्यांनी कांगारू उंदरांना जवाऐवजी सोयाबीन दिले. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर. प्रथिनांपासून युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकायला पाणी लागते. आता उंदरांचा हिशेब तुटला आणि ते पाण्यावाचून जगू शकले नाहीत. मग काही उंदरांना समुद्राचे पाणी दिले. ते पिऊन उंदीर जगले! माणसाने समुद्राचे पाणी प्यायले तर त्यातील मीठ बाहेर टाकण्यासाठी प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च होते आणि तो अधिकच कोरडा पडतो. उंदराच्या मूत्रपिंडाला मात्र त्या खाऱ्या पाण्यातूनही गोडे पाणी वेगळे काढता येते.

बीळ : गरिबाचे थंड घर

दिवसा वाळू तापून निघते, पण थोडे खोल गेले की जमीन शांत असते. कांगारू उंदीर आणि यरबू दिवसभर बिळात राहतात आणि अनेकदा बिळाचे तोंड मातीने बंद करून घेतात. श्वासातून गेलेली वाफ बिळातच कोंडून राहते. तिथली हवा किती दमट आहे, हे मोजणार कसे? या दांपत्याने एक अगदी इवलेसे यंत्र तयार केले आणि ते उंदराच्या शेपटीला बांधून त्याला बिळात सोडले. बिळातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट आढळली. साठवलेले बी हा ओलावा शोषून घेते. म्हणजे श्वासातून गेलेले थोडे पाणी दाण्यातून परत पोटात येते.

आपल्या देशातही असा प्राणी आहे. राजस्थानच्या थर वाळवंटातील जर्बिल उंदीर. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. गंमत म्हणजे हा जर्बिल रात्रीचा नव्हे, तर दिवसाचा प्राणी आहे. पण उन्हाळ्यात तो सकाळी आणि संध्याकाळीच बाहेर येतो. भर दुपारी बीळ बरे, हे त्यालाही कळते. ऋतूप्रमाणे तो आहारही बदलतो. कधी बी, कधी हिरवा पाला, कधी किडे. ओलावा जिथे मिळेल तिथून घ्यायचा.

वाळू-उंदीर आणि साखरेचा आजार

या साऱ्या कुटुंबात एक प्राणी आपल्याला सावध करणारा आहे. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंत वाळू-उंदीर नावाचा गुबगुबीत उंदीर आढळतो. तो बी खात नाही. खाऱ्या जमिनीतील झुडपांची रसरशीत पाने खातो. पानांत पाणी भरपूर, पण मीठही भरपूर. तो पानांचा वरचा खारट थर दातांनी खरवडून टाकतो आणि उरलेले मीठ त्याची मूत्रपिंडे बाहेर काढतात. या पानांतून शक्ती फार मिळत नाही. दिवसभर खावे तेव्हा पोट भरते.

हे उंदीर प्रयोगशाळेत आणून त्यांना नेहमीचे पौष्टिक खाद्य दिले, तेव्हा त्यांतील अनेक लठ्ठ झाले, त्यांच्या रक्तातील साखर वाढली आणि डोळ्यांत मोतीबिंदू झाले. १९६४ साली क्नूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जगापुढे मांडले. तेव्हापासून मधुमेहाच्या संशोधनात हा उंदीर वापरला जातो. खाद्यात विष नव्हते. दुसरे उंदीर तेच खाऊन बरे राहत. पण ज्या शरीराची घडण टंचाईसाठी झाली होती, त्याला सुबत्ता झेपली नाही. दस्तरखानावर रोज शरबत, मिठाई आणि तळलेले वाढताना हा उंदीर आठवला तर बरे.

आता आपला हिशेब

एक प्रौढ माणूस दिवसभर सावलीत बसला आणि त्याने फक्त कोरडे अन्न खाल्ले, असे समजा. अन्नाच्या ज्वलनातून त्याच्या शरीरात साधारण ३०० मिलिलिटर पाणी तयार होईल. श्वास आणि त्वचेतून, घाम न येताही, सुमारे ८०० मिलिलिटर जाईल. शरीरातील घाण बाहेर टाकायला कमीत कमी अर्धा लिटर लघवी लागेल. म्हणजे जमा ३००, खर्च १३००. रोज एक लिटरची तूट, तीही काहीच काम न करता. उन्हात काम केले, ताप आला, जुलाब झाले तर तूट कितीतरी वाढते. कांगारू उंदराचे पुस्तक जुळते, आपले जुळत नाही. अल्लाहने प्रत्येक सजीवाला पाण्यापासून घडवले, असे सूरह अंबियात आले आहे. पण प्रत्येकाला पाण्याचे गणित वेगळे दिले आहे.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. शाळेत शिकवताना एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. अनेक मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत आणि शाळेत पाण्याची बाटली उघडतच नाहीत. कारण विचारले तर मान खाली जाते. स्वच्छतागृहाला कडी नाही, आत पाणी नाही, घाण आहे. म्हणून ही मुलगी सकाळपासून दुपारपर्यंत तहान दाबून ठेवते. घरी आल्यावर डोके दुखते, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. पाणी कमी पिणे आणि लघवी रोखून धरणे यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो आणि वर्षानुवर्षे पाणी कमी पडल्याने मुतखडाही होऊ शकतो. 'आमची मुलगी पाणी मागतसुद्धा नाही, फार सोशीक आहे,' असे काही घरांत कौतुकाने सांगितले जाते. सोशीक मूत्रपिंड उंदराला मिळाले आहे, तिला नाही.

अम्मीने आणि अब्बांनी इतके तरी करावे. मुलगी बाटली भरून नेते का, एवढ्यावर थांबू नये. ती रिकामी होऊन येते का, ते पाहावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद असेल तर पाणी कमी पडते आहे. आणि पालकसभेत गुणांबरोबरच स्वच्छतागृहाच्या कडीचा आणि पाण्याचा प्रश्नही विचारावा. मुली तो विचारायला लाजतात. वडिलांनी विचारला तर फार बरे.

रोज्याबद्दलही थोडे. निरोगी माणसाचे शरीर सहरीपासून इफ्तारपर्यंतचा काळ सांभाळून घेते. मेंदूकडून मूत्रपिंडांना निरोप जातो आणि ती लघवी घट्ट करून पाणी राखतात. पण ही उसनवारी रात्री फेडावी लागते. इफ्तारला एकदम तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा इफ्तार ते सहरीपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे. सहरीला फार खारट खाऊ नये. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा मुतखडा असणाऱ्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला आणि मुसाफिराला कुरआनने सवलत दिली आहे. वडीलधाऱ्यांना ती सवलत घ्यायला संकोच वाटतो. त्यांची समजूत काढणे हे घरातल्यांचे काम आहे.

बचत कुठे करायची?

पाण्याची किंमत मराठवाड्यातल्या घरांना कोणी सांगायला नको. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बचत करायचीच आहे. पण ती कुठे?

हदीसमध्ये आले आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. पाऊण लिटरच्या आतबाहेर. आता एकदा असे करून पाहा. वुजू करताना नळाखाली बादली ठेवा आणि नळ नेहमीसारखा सोडा. वुजू झाल्यावर बादलीतील पाणी लिटरच्या मापाने मोजा. मुलांना मोजायला लावा, त्यांना आवडेल. किती मुद्द झाले ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात लोट्याने वुजू करून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक हीच आपल्या घरातली खरी बचत.

यरबूला वाळवंटात राहण्यासाठी लांब वळशांचे मूत्रपिंड आणि मातीआड लपलेले बीळ मिळाले. आपल्याला मिळाली ती अक्कल, आणि एकमेकांची काळजी घेण्याची जबाबदारी. पाणी वाचवायचे ते नळावर. घशाशी काटकसर करू नये.